फुग्यांची गावपळण

ज्या वैशाखात लवू मेथराने आपली एकुलती लेक होडीत बसवून पलतडीला सासरी धाडली, त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार एक्केचाळीस साली, तांबरी खाडीच्या तोंडावर फुगे बसले. लग्न आधी, फुगे नंतर. वरात गेली तेव्हा खाडीच्या तोंडात लाटा अशा उसळत होत्या की जुईच्या मुंडावळ्या भिजून गालाला चिकटल्या, आणि वरपक्षाकडच्या एका कोटवाल्या पाहुण्याने सगळ्यांसमक्ष होडीबाहेर तोंड काढून पोट रिकामं केलं. दिवाळसणाला ती माहेरी आली ती मात्र सपाट पाण्यावरून. होडीतून पाय खाली टाकता टाकता म्हणाली, "बाबा, समुद्राक इस्त्री केलंस काय?"

लवू हसला. इस्त्री त्याच्याच हातात होती. गावाने त्याला फुग्यांचा राखणदार नेमलं होतं.

रेवठण हे गाव म्हणजे समुद्रात शिरलेली वाळूची जीभ. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि दक्षिणेच्या टोकाला, जिथे दोन्ही पाणी मिळतात, तिथे लवूचं घर. खाडीपल्याड, पलतडीला, सुरंगवाडी, जुईचं सासर. हाक ऐकू जात नाही, पण चुलीचा धूर दिसतो, इतकं अंतर. लवूच्या लहानपणी त्याच्या घरापुढे सुरूचं बन होतं, बनापुढे खेळायचं मैदान, आणि त्याही पुढे होड्या ओढायची जागा. मग वर घाटाखाली धरण झालं आणि नदीचा गाळ तिथेच अडू लागला. नदीने देणं थांबवलं, समुद्राने नेणं थांबवलं नाही. आधी होड्यांची जागा गेली, मग मैदान गेलं, मग बन. लवूच्या लग्नाचा मांडव जिथे पडला होता तिथे आता मासे फिरत होते.

फुगे आणले ते डॉक्टर नाझनीन सोलकर यांनी. बाई समुद्राच्या तळाच्या अभ्यासातल्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. गावात पहिल्यांदा आल्या तेव्हा सभा घ्यायची सोडून लवूच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. लवूची बायको सुगंधा तांदूळ धुवत होती.

"वहिनी, जरा द्या इकडे तो टोप," बाई म्हणाल्या. त्यांनी बोटांनी तांदूळ ढवळले. तांदूळ गरगर फिरले आणि टोपातच राहिले. "ही लाट. लाट तळाची वाळू हलवते, जागची उचलते, पण लांब नेत नाही. जितकी पुढे ढकलते तितकीच मागे ओढते." मग त्यांनी हात काढला, तांदूळ बसू दिले आणि टोप मोरीवर कलता केला. वरचं पाणी गेलं, तांदूळ तळाशी तसेच. "ही ओहोटी. हिच्यात नेण्याची ताकद आहे, पण बसलेला कण उचलणं हिला एकटीला जमत नाही. आता बघा." त्यांनी एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने टोप कलवला. पाण्याबरोबर तांदूळही मोरीत चालले. "एक उचलते, दुसरी नेते. दोघी एका वेळी तळाशी भेटल्या की तुमचं रेवठण चाललं."

"समाजला," सुगंधा म्हणाली आणि टोप त्यांच्या हातातून काढून घेतला. "पण बाई, ह्यो तांदूळ इकतचो आसा. उरलेला शास्त्र वाळूत शिकवा."

तर फुग्यांचं काम इतकंच, की लाट आणि ओहोटी यांची गाठ पडू द्यायची नाही. खाडीच्या तोंडाबाहेर, तळाला धरून, जाड रबराच्या लांबलचक पिशव्यांची रांग घातली होती. भरती येताना त्या चपट्या लेपटी माशासारख्या तळाशी चिकटून पडत. लाटा वरून आत येत, वाळू हलवत, आणि भरती ती वाळू गावाकडे आणून टाकी. पाणी फिरलं की किनाऱ्यावरच्या पंपातून पिशव्यांत हवा भरे. त्या उठून उभ्या राहत, लाट त्यांच्यावर फुटून दमून जाई, आणि ओहोटी निघे ती नुसतं पाणी घेऊन. वाळूला येताना दार उघडं, जाताना बंद.

यंत्र आपसूक चाले, तरी त्याला माणूस लागे. कुठे जाळं अडकलं, कुठे झडप चिकटली, कुठे एखादी होडी चुकीच्या वेळी आली, ते बघायला लवू. पंपाची खोली त्याच्या अंगणातच होती. हवा भरताना आणि सुटताना झडपांतून लांब, संथ आवाज येई. पहिले काही दिवस सुगंधाला झोप लागली नाही. मग इतकी सवय झाली की एकदा पंप बिघडून आवाज थांबला तेव्हा ती दचकून उठली आणि नवऱ्याच्या नाकापुढे हात धरून बघितला.

दोन वर्षांत टोकाला वाळू धरली. लवूने सुरूची रोपं लावली. पोरांनी स्टंप ठोकले. गाव लवूला बघून उगाचच हसायला लागलं, जसं काही वाळू त्याने स्वतः पाटीतून आणली होती.

तिसऱ्या वर्षी, जुईला दिवस गेले होते तेव्हा, तिचा फोन आला.

"बाबा, मागल्या दारचो माड गेलो."

"जुनो झालो असतलो."

"तिसरो गेलो, बाबा."

लवू होडी काढून पलतडीला गेला. जुईच्या सासरी, टिकमांच्या मागल्या दारी, पूर्वी पावलांना चटके बसतील इतकी लांब वाळूची पुळण होती. आता दारातून काही पावलांवर जमीन कापल्यासारखी संपत होती आणि त्या कापावर माडाची मुळं लोंबत होती. जुईची सासू विजयाबाय तिथे तुटलेल्या झावळ्या ओढत होती. बाई नवऱ्यामागे एकटीने घर चालवलेली, तोंडाने फटकळ, हाताने उदार.

लवूने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि घोट घेतला. लेकीच्या घरी नातवंडाचं तोंड बघेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्याच्या घरची रीत.

विजयाबाय बघत होती. "पाणी पण रेवठणचाच काय हो व्याही? आमची रेव तुमका चालता, आणि आमचा पाणी चालत नाय?"

"आई!" जुई म्हणाली.

"मी काय खोटा बोललंय? सगळी वाडी बोलता. तुझ्या बापाशीन फुगे घातल्यापासून हय एक ओंजळ रेव लागूक नाय."

लवूला राग आला, पण विहिणीच्या अंगणात राग कुठे ठेवणार? "विजयाबाय, फुगे थय, तुम्ही हय. मदी एवढी खाडी. माझे फुगे काय उडान तुमची रेव खातत?"

कोणी हसलं नाही. जुई त्याला होडीपर्यंत सोडायला आली. पोटामुळे तिला वाळूत चालणं जड जात होतं. होडी लोटण्याआधी ती हळू म्हणाली, "बाबा, सर्वेश म्हणता, बाळंतपणाक माहेरी जा आणि थयच ऱ्हव. हय घर ऱ्हवात काय नाय सांगूक येणा नाय." सर्वेश तिचा नवरा. "पण आई घर सोडूचा नाव घेणत नाय. तेंका टाकून मी कशी येव?" मग तिने विचारलं, "खरा सांग. फुग्यांमुळा होता काय ह्या?"

"नाय गो," लवू म्हणाला. मग होडीत बसल्यावर, वल्ही मारता मारता, त्याला आपलाच आवाज आठवत राहिला. फार पटकन निघाला होता तो.

त्याने नाझनीनबाईंना बोलावून घेतलं. बाई आल्या, अंगणात बसल्या, आणि काठीने वाळूत पंख्यासारखी आकृती काढली.

"लवूदादा, मोठ्या नद्या समुद्राला मिळतात तिथे गाळाचा त्रिभुज प्रदेश होतो, जमीन वाढत जाते. आपल्या नद्या आखूड. त्यांचा त्रिभुज पाण्याखालीच राहतो. तुमच्या तांबरीचाही आहे, तोंडाबाहेर तळावर असा पसरलेला. पूर्वी रेवठणची वाळू ओहोटीबरोबर जाऊन या पंख्यावर बसायची. मग हिवाळ्यात वायव्येच्या वाऱ्याच्या लाटा तिला हळूहळू दक्षिणेकडे सरकवायच्या." काठी पंख्यावरून सरकत खाली आली आणि थांबली.

"सुरंगवाडी," लवू म्हणाला.

"मला शंका आहे. खात्री नाही. आपण गुलाबी वाळू टाकली होती ना?"

ते लवूला चांगलं आठवत होतं. आदल्या वर्षी त्यांनी टोकाचीच वाळू नेऊन तिला पक्का गुलाबी रंग चढवून आणली होती आणि लवूने ती पोती स्वतः होडीतून फुग्यांच्या आतल्या बाजूला ओतली होती. आठवडाभर त्याचे हात गुलाबी होते आणि गाव त्याला शिमगा कधीचा म्हणून विचारत होतं. ती वाळू कुठे जाते ते बघायचं होतं.

"ती कुठेच गेली नाही," बाई म्हणाल्या. "सगळी तुमच्या टोकाशीच आहे. खात्यातले वरचे लोक खूश झाले. फुगे उत्तम काम करतात म्हणाले. मी म्हटलं, काही दिवस बंद ठेवून बघू या, वाळू पलीकडे जाते का. ते म्हणाले, आधी नुकसान सिद्ध करा, मग बंद करा. आणि बंद केल्याशिवाय मी सिद्ध कसं करू?"

सुगंधा दारात उभी होती. "म्हणजे माझ्या चेडवाचा घर माझ्या अंगणात येवन पडला," ती म्हणाली आणि आत गेली.

लवू त्या दिवसापासून सुरूच्या रोपांना पाणी घालायचा विसरू लागला. फुगे बंद करणं पंपाच्या एका दांड्यावर होतं. पण रेवठणची सगळी घरं त्या दांड्यामागे उभी होती, आणि त्यांच्यातल्या कोणी त्याला विचारलं नव्हतं की तुझी लेक कुठे दिली आहेस.

मार्गशीर्षात गावाच्या रवळनाथाने कौल दिला. गावपळण.

रेवठणला ती काही वर्षांनी एकदा होते. तीन दिवस तीन रात्री गाव रिकामं करायचं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळ्यांना घेऊन वेशीबाहेर झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं. गावात दिवा नाही, चूल नाही, श्वास घेणारा एकही जीव नाही. ते तीन दिवस गाव देवाचं. मग पुन्हा कौल घेऊन परतायचं. शिकलेली पोरंही मुंबईहून त्यासाठी रजा काढून येतात, कारण घरच्या घरी सहल होते.

देवळापुढच्या सभेत सगळं ठरलं. कोणाच्या म्हशी कुठे बांधायच्या तेही ठरलं. मग गावकीचे प्रमुख, म्हातारे बापू गावकर, यांनी विचारलं, "आणि फुगे?"

सरपंचबाई म्हणाल्या, "बापूनू, फुगे यंत्र आसत. त्येंका माणूस लागणा नाय. चालू ऱ्हवांदेत. पौर्णिमेचा उधाण आसा, आणि लांबची लाट येतली म्हणान इशारो पण ईलो आसा."

"यंत्र आसात, ता माका ठावक आसा," बापू म्हणाले. "माझ्या छातीत पण यंत्र आसा. म्हणान मी गावात ऱ्हवलंय तर चलात?" लोक हसले. बापूंनी हात वर केला. "लवूच्या अंगणासून मी कितीदा गेलंय. माका आवाज येता. आत घेतत, भायर सोडतत. रीत म्हणता, श्वास घेता ता गावात ऱ्हवाचा नाय. मी यंत्राचो जाणकार नाय. जाणकार हो बसलो आसा. लवू, तू सांग. श्वास घेतत काय फुगे?"

सगळ्यांनी लवूकडे बघितलं. प्रश्न थट्टेचा नव्हता. नाही म्हटलं असतं तर फुगे चालू राहिले असते, टोक वाचलं असतं, टोकावरचं त्याचं घर वाचलं असतं. लवूच्या डोळ्यांपुढे एक फटकळ बाई झावळ्या ओढत होती आणि तिच्या मागे जुई पोटावर हात ठेवून उभी होती.

"घेतत," लवू म्हणाला.

"लवू, इचार करून बोल," सरपंचबाई म्हणाल्या.

"इचार करूनच बोलतंय. रोज आयकतंय मी. घेतत."

बापूंनी मान डोलावली. "मग ते पण पळतले."

घरी येता येता सुगंधाने विचारलं, "आपला घर टोकार आसा. ठावक आसा मा?"

"आसा."

"बरा," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

लवूने बाईंना फोन करून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "लवूदादा, मी बंद करा म्हणू शकत नाही. चालू ठेवा म्हणायला हवं, आणि तसं म्हटलं असं समजा. पण देवाच्या परवानगीसाठी आमच्याकडे खिडकीच नाही, त्यामुळे ती नाकारायचीही सोय नाही. मी उद्या माणसं घेऊन सुरंगवाडीच्या किनाऱ्यावर येते. तिथे यायला मला कोणाची परवानगी लागत नाही."

दुसऱ्या दिवशी, गुरं वेशीकडे निघाल्यावर, लवूने दांडा खाली ओढला. फुग्यांनी शेवटचा लांब श्वास सोडला आणि ते तळाशी आडवे झाले. एवढी शांतता त्या अंगणात तीन वर्षांत नव्हती.

वेशीबाहेरच्या कातळी सड्यावर खोप घालायची म्हणून तो झावळ्या बांधत होता, तेवढ्यात खाडीतून विजयाबायची हाक आली. होडीत उभी राहून ती ओरडत होती, "ओ व्याही! सड्यार काय कातळ खातलास? आमची वाडी पण तुमच्या वेशीभायरच मा? चला, अंगणात खोप घाला!"

"आमच्याकडे रीत आसा—"

"ठावक आसा तुमची रीत! तुमची चूल, तुमचा तांदूळ, तुमचा पाणी. फकत जागा आमची. जी काय उरली आसा ती!"

सुगंधा आधीच होडीत बसली होती, मांडीवर कोंबड्यांची टोपली घेऊन.

असे ते तिघांचे तीन दिवस झाले. लवू, सुगंधा आणि फुग्यांशिवायचा समुद्र. टिकमांच्या अंगणात खोप पडली. दोन विहिणी दोन चुलींवर स्वयंपाक करत एकमेकींच्या आमटीला नावं ठेवत. जुई मध्ये बसून दोघींची चव बघे आणि कोणाची बरी ते सांगायचं नाकारी. रीत बापाला होती, तिला नव्हती.

लांबची लाट सांगितल्याप्रमाणे आली. दूर कुठे तरी, ज्या समुद्राचं नाव लवूने ऐकलं नव्हतं तिथे, वादळ झालं होतं आणि त्याची लाट एवढी वाट चालून आली होती. ती वर फार उंच दिसत नाही, पण तिचा पाय खोल जातो, तळाला हलवतो. पाणी फिरलं की खाडीच्या तोंडातून तांबूस पाण्याचा पट्टा बाहेर सुटे आणि समुद्रात पंख्यासारखा पसरे. लवू मागल्या दारी बसून ते बघत राही. तिथून पलीकडे त्याचं स्वतःचं घर दिसे. पहिल्या दिवशी अंगणातली जाळी ठेवायची खोप सरळ होती. दुसऱ्या दिवशी ती कलली. तिसऱ्या दिवशी ती नव्हती, आणि सुरूच्या रोपांची रांग पुढून तुटली होती.

"गेली काय?" सुगंधाने मागून विचारलं.

"जाळी सड्यार नेलंय होतंय. खोपच गेली."

ती त्याच्याजवळ बसली. म्हणाली, "हयसून आपला घर किती बारीक दिसता. तुळशीएवढा."

त्याच सकाळी विजयाबाय किनाऱ्यावरून तिसऱ्या गोळा करून आली होती. बऱ्याच महिन्यांनी तिला त्या शिंपल्या घराजवळ मिळाल्या होत्या. वाळू ओकून टाकायला जुईने त्या टोपात पाण्यात घालून ठेवल्या होत्या. दुपारी तिने त्या उपसल्या, पाणी ओतायला टोप कलता केला आणि तशीच थांबली.

"बाबा. हय ये."

टोपाच्या तळाशी तिसऱ्यांनी टाकलेली वाळू बसली होती. पांढुरकी, करडी, आणि मध्ये मध्ये, कोणी कुंकू सांडावं तसे, गुलाबी कण.

लवूने बोट घातलं. कण बोटाला चिकटून आले. त्याने ते अंगठ्याने चोळले. रंग गेला नाही.

"ही माझी," तो म्हणाला. "ही रेव मी टाकलंय. ह्या हातांनी."

विजयाबाय टोपात वाकून बघत होती. मग ती उठून मागल्या दाराने किनाऱ्याकडे गेली, आणि तिच्या मागोमाग सगळे. कापलेल्या जमिनीच्या पायथ्याशी, लोंबणाऱ्या मुळांखाली, ओहोटीने नव्या वाळूची एक पातळ पट्टी उघडी टाकली होती. हातभरही जाड नसेल. नाझनीनबाई आपल्या माणसांबरोबर गुडघे टेकून नमुने घेत होत्या. त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांच्या कपाळालाही वाळू लागलेली होती.

"माझ्या गणिताने याला महिने लागायला हवे होते," त्या म्हणाल्या. "ही काही सगळी भरपाई नाही. एवढ्याने घर वाचत नाही. पण वाट हीच आहे, आता कोणी नाही म्हणू शकणार नाही."

विजयाबायने पदराने डोळे पुसले आणि लवूकडे वळली. "व्याही, तीन दिवस माझ्या अंगणात बसलास, पाण्याचो थेंब घेवक नाय. आणि आहेर हाडलास तो असो. आधी सांगलास असता तर मी ताट तरी वाढून ठेवलंय असतंय."

"तुम्ही वाढलास असता आणि मी खालंय नसतंय," लवू म्हणाला. "मग तुम्ही परत बोललास असता."

या वेळी सगळे हसले. जुई हसता हसता त्याच्या खांद्याला टेकली.

गाव परतलं तेव्हा मात्र कोणी हसत नव्हतं. टोकाचा मोठा घास गेला होता. लवूच्या अंगणाला पायऱ्या होत्या, त्या आता हवेत संपत होत्या. देवळापुढे पुन्हा सभा बसली.

"तूच म्हणालंस श्वास घेतत म्हणान," कोणीतरी ओरडलं. "लेकीसाठी गाव इकलंस!"

लवू उठला. सभेत बोलायची त्याला सवय नव्हती. "होय," तो म्हणाला. "लेकीसाठी म्हणालंय. पण खोटा म्हणूक नाय. श्वास घेतत ते, आणि आत घेतलेलो श्वास भायर सोडूक नाय तर कोण पण मरतला. आम्ही तीन वर्षां नुसतो आत घेतलो. पलतडीक घुसमट झाली."

नाझनीनबाईंनी मग उपाय सांगितला. महिन्यातले बरेचसे दिवस, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, मंद पाण्यात, फुगे चालवायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस त्यांना आडवं ठेवायचं, म्हणजे थोडी वाळू पलीकडे जाईल. गाव टिकेल. पलीकडचं घरही टिकेल, वरून अजून काही बिघडलं नाही तर. "फक्त टोक टिकणार नाही," त्या म्हणाल्या. "टोक वर्षात, दोन वर्षांत जाईल. ते मी लपवत नाही."

"टोकार कोण ऱ्हवता?" सरपंचबाईंनी विचारलं, उत्तर सगळ्यांना ठाऊक असून.

"मीच," लवू म्हणाला. "दुसरा घर नाय थय. मी मागे सरतंय. माका देवळामागचो तुकडो द्या."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने सुगंधाचा आवाज आला. "आणि माका कोणी इचारलास?"

लवू वळला. खरंच त्याने विचारलं नव्हतं. त्याचा चेहरा इतका पडला की पुढच्या रांगेतल्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

"आता इचारतंय," तो म्हणाला.

"देवळामागे इहीर लांब आसा. पाणी तू भरतलंस?"

"भरतलंय."

"मग चला," सुगंधा म्हणाली. "समुद्राचो आवाज थय कमी येता. तुझो घोरणो तेवढो जास्त आयकूक येतलो, पण ता माझा नशीब."

बापू गावकरांनी हात जोडले आणि सभा उठली. महिन्यातून दोनदा फुग्यांची गावपळण, असं नाव त्या दिवसापासून पडलं, आणि पुढे नाझनीनबाईंच्या खात्यातले लोकही बोलताना तेच नाव वापरू लागले. दुसऱ्या खाड्यांवर फुगे बसले तेव्हा आधी पलतडीचं गाव कोणतं ते विचारायची पद्धत पडली.

लवूने घर स्वतः उतरवलं. कौलं, वासे, दारं, एकेक करून मागे नेलं. पंपाची खोलीही मागे आली. चिऱ्यांचा पाया तेवढा टोकालाच राहिला आणि दुसऱ्या पावसाळ्यात पाण्याखाली गेला.

जुईची मुलगी माघात जन्मली, सासरच्याच घरी, कारण आता ते घर सोडायचं कारण उरलं नव्हतं. बाराव्या दिवशी लवू सुगंधाबरोबर पलतडीला गेला. त्याच्या पिशवीत बाटली नव्हती. विजयाबायने पाट मांडला, केळीचं पान मांडलं, तिसऱ्यांचं सुकं वाढलं आणि समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लवूने पहिला घास घेतला. दाताखाली कचकन वाळू लागली.

"धुवक नाय काय बरे?" सुगंधाने ताबडतोब विचारलं.

"तीनदा धुतलंय!" विजयाबाय म्हणाली. "व्याही, काढून टाका ता."

लवूने काढलं नाही. गिळलं आणि पान पुढे केलं. "वाढा आणि थोडा."

विजयाबाय टिकम दोन हजार एकोणपन्नास साली, श्रावणात, सुरंगवाडीला आपल्याच घरात वारली. लवू मेथर त्यानंतर दोन वर्षांनी, नात पहिलीत गेली त्या वर्षी, मार्गशीर्षातल्या अमावास्येला सकाळी देवळामागच्या घरात वारला. जुई होडीने येऊन पोचली तेव्हा ओहोटी लागली होती, आणि फुगे आडवे होते.